करवंटीची काडी

हात भरून येणं म्हणजे काय, ते मला विचारा. जातं ओढून हात भरतो तो वेगळा, भात कांडून भरतो तो वेगळा. साहेबाच्या बंगल्यावर मायनीस घोटून जो भरायचा तो मनगटात सुरू व्हायचा, कोपराशी जरा टेकायचा आणि खांद्यावरून थेट कानामागे जाऊन बसायचा. त्या दिवशी संध्याकाळची भाकरी मी डाव्या हाताने मोडायची. शेजारची सोनूबाई म्हणायची, काय गो, साहेबाकडे विहीर खणतेस की काय. तिला काय सांगणार, अंडं घोटते म्हणून? तिने हसून हसून वाडी गोळा केली असती.

मायनीस म्हणजे साहेबलोकांची पांढरी चटणी. चटणी म्हणायचं आपलं, तिखट असं तिच्यात काही नाही. अंड्याचा पिवळा बलक, चिमूटभर मोहरीची पूड, मीठ, सिरका आणि गोडेतेल. बस्स, एवढंच. पण तेल आणि आंबट पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यांना एका भांड्यात नांदवायचं म्हणजे माणसाचा जीव काढायचं काम. थेंब तेल, घोट. थेंब तेल, घोट. तेही हळू नाही, जोरात, एकाच अंगाने, आणि मधे थांबायचं नाही. कुणी हाक मारो, दारात साप येवो, थांबायचं नाही. थांबलं, किंवा तेल जरा जास्त पडलं, की वर तेल आणि खाली पिवळं पाणी. त्याला फुटलं म्हणायचं. आणि जमलं, तर रवी वर उचलल्यावर टोक उभं राहायचं आणि एवढ्या तेलातला एक थेंबही डोळ्याला दिसायचा नाही. कुठे गेलं तेल, असं मलाच वाटायचं.

ही विद्या मुसाभाईंची. मुसाभाई बंगल्याखालच्या राजिवड्याचे. विलायतेला जाणाऱ्या बोटीवर ते वीस वर्षं कुक होते. तारांची रवी बोटीवरूनच आणलेली, रुमालात गुंडाळून ठेवायचे. बोट सोडून घरी आले आणि रस्तेबांधणीच्या साहेबाकडे खानसामा म्हणून लागले, ते या मायनीसच्या जोरावर. मड्डमने पहिल्या दिवशी विचारलं, येतं का, आणि यांनी सांगितलं, येतं. खोटं नव्हतं. येत होतं. फक्त हात गेला होता.

उजवा हात कापायचा त्यांचा. कपात चहा ओतायला घेतला की निम्मा बशीत. साहेबासमोर जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, उजवा डाव्याने घट्ट धरून. मड्डमला वाटायचं, किती अदब आहे या माणसाला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि मनात म्हणायची, अदब कसली, लपवालपवी.

मी तुळसा. गाव वेळणेश्वराच्या वरच्या अंगाला, पण तेव्हा राहायची बंगल्यामागच्या वाडीत. धनी मुंबईला गिरणीत. त्यांची खबर शिमग्याला नि गणपतीला, कधी कधी तेवढीही नाही. बंगल्यावर मी लागले ती भांडी घासायला. लागून आठ दिवस झाले नसतील, मुसाभाईंनी दार लोटलं, रुमालातली रवी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "बाय, तुझा हात बघू."

मी घाबरले. म्हटलं, "कशाला?"

"कामाला," ते म्हणाले. "माझा आता नाय राहिला."

पहिले दोन महिने नुसती नासाडी, आणि मड्डमला रोज नवी सबब. मी घोटायची आणि ते चमच्याने तेल सोडायचे, तेही डाव्या हाताने. तोही हात काही गुणाचा नव्हता. कधी थेंब पडे, कधी धार. किती बलक मी मागच्या दाराने गडग्यापलीकडे ओतले, त्याचा हिशेब देवाकडे. शेवटी मीच चिडले. म्हटलं, तुम्ही बाजूला व्हा. आमच्या वेळणेश्वरी महादेवाच्या पिंडीवर तांब्याचं भांडं टांगलेलं असतं, बुडाला भोक, त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी पडतं. पुजारी काही चमचा घेऊन बसत नाही. मी नारळाची करवंटी घेतली. तिचा एक डोळा मऊ असतोच, तो टोचून मोकळा केला, त्यात माडाच्या झापाच्या हिराची काडी खोचली आणि करवंटी शिंक्यात घालून खुंटीला टांगली. काडी आत दाबली की थेंब, जरा ओढली की दोरा. खाली भांडं. मी एका हाताने घोटायची, तो भरला की दुसऱ्याने, रवी मधे टेकू द्यायची नाही. त्या दिवशी पहिल्यांदा टोक उभं राहिलं.

मुसाभाई कितीतरी वेळ करवंटीकडे बघत होते. म्हणाले, "वीस वर्षं बोटीवर होतो. गोऱ्या कुकच्या डोक्यात नाय आलं हे."

मग काय. साहेबाच्या टेबलावर मायनीस जाऊ लागलं आणि टेबलावरून वाहवा येऊ लागली. ती यायची मुसाभाईंकडे. एका पावसाळ्यात साहेबाने खूश होऊन स्वतःचा जुना गरम कोट त्यांना दिला. तो घालून ते स्वयंपाकघरात आले, आणि मी भांड्यांवर अशी काही राख घासली की तव्याला भोक पडायचं बाकी.

"काय गो, आज आवाज फार?" ते म्हणाले.

"कोट मला नको," मी म्हटलं. "पण एकदा तरी कुणी या दारात यावं आणि विचारावं, हे कुणी केलं. एवढं तरी व्हावं की नाही माणसाच्या जन्मात?"

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि चुलीत लाकूड सारलं. थोड्या वेळाने म्हणाले, "रहिमाला ठाऊक नाय माझ्या हाताचं. तिला वाटतं, थंडीने कापतो."

रहिमा त्यांची लेक. तिचा नवरा बोटीवर होता, तो बोटीबरोबर बुडाला. ती आणि तिची दोन लेकरं मुसाभाईंच्या घरात. बंगल्यावरची जागा गेली तर कापऱ्या हाताच्या खानसाम्याला दुसरा कोणता साहेब दारात उभा करणार? हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून तीन वर्षं गप्प होते. पण कळलं म्हणून राग जातो थोडाच. राग तिथेच होता, आणि 'हे कुणी केलं'चं उत्तर मी मनात तयार ठेवलं होतं.

त्या साली, म्हणजे बंगल्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर १९३३ लिहिलं होतं तेव्हा, नाताळ रमजानात आला आणि वर सोमवारी आला. मुसाभाईंचा रोजा. माझा सोमवार, धन्याच्या नावाने धरलेला, दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. अंड्याला हात लावायची मी, पोटासाठी लावायची, महादेवाला ते कळतं. पण सोमवार सुटेपर्यंत जिभेवर ठेवणार नाही म्हणजे नाही.

त्या दुपारी पुण्याहून साहेबाचा मोठा साहेब जेवायला. मड्डमने आठ दिवस आधीपासून डोकं खाल्लं होतं. अख्खी सुरमई उकडून गार करायची, तिच्यावर मायनीसचा जाड थर, वर काकडीच्या चकत्या. मुंबईहून बोटीने खोका यायचा होता त्यात सिरका होता. बोट आली, खोका आला नाही.

"आता?" मुसाभाई म्हणाले. त्यांचा चेहरा आधीच उपासाने उतरलेला.

"लिंबाचा रस आहे की," मी म्हटलं. आश्विनात लिंबं स्वस्त झाली तेव्हा मी रस काढून बाटली भरून ठेवली होती. ती फडताळातून काढून दिली.

सकाळभर घोटलं. पोटात काही नाही, डोळ्यांपुढे काजवे, पण हात चालू ठेवला. मुसाभाईंनी बोटीवरच्या मापाने मीठ घातलं. एवढ्या बलकांना एवढे चमचे, ते माप त्यांना झोपेतही पाठ. थर असा बसला की सुरमई पांढऱ्या दुलईत निजलेली दिसावी. रमजान नसता तर मुसाभाई बोटाने चाखणार, रमजानात मी चाखणार, अशी आमची रीत. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. त्यांना वाटलं मी चाखलं असणार, मला वाटलं ते कुणाकडून चाखवून घेतील. पट्टेवाला रावजी ताटं न्यायचा-आणायचा, पण साहेबाच्या खान्याला बोट लावत नसे. ताट गेलं.

थोड्या वेळाने रावजी आत आला. तोंड उतरलेलं.

"मोठ्या साहेबाने घास घेतला आणि पाणी मागितलं," तो म्हणाला. "मग सगळ्यांनीच पाणी मागितलं."

ताटं परत आली. मासा खाल्लेला, मायनीस खरवडून कडेला. मुसाभाईंनी विचारलं, "तू चाखलंस ना गो?"

"आज सोमवार," मी म्हटलं.

"आणि माझा रोजा."

मी फडताळाकडे बघितलं. लिंबाचा रस टिकावा म्हणून आमच्याकडे त्यात मीठ घालतात. मूठभर मीठ. आश्विनात मीच घातलं होतं, माझ्या ह्या हाताने. आमच्या घरात बिनमिठाचा रस कुणी ठेवतच नाही, म्हणून सांगायचं सुचलंसुद्धा नाही. तेवढं मीठ रसात, आणि वर बोटीच्या मापाचं.

तोच मड्डम दारात. तीन वर्षांत ती त्या दारात आली नव्हती. गाल लाल, हातात ती बशी.

"हे कोण केला?" तिने विचारलं.

बघा, असं असतं. ज्या प्रश्नाची मी तीन वर्षं वाट बघितली, तो आला तो असा.

"मी, मेमसाब," मुसाभाई लगेच म्हणाले. हात पाठीमागे. "रोजा आहे. चाखता आलं नाय."

आणि मला राहवलं नाही. मीठ माझं, बोलणी ते खाणार, हे एक. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, उत्तर तयार होतं आणि ते आतून ढुशी मारत होतं. मी म्हटलं, "मी केलं, बाईसाहेब. पहिल्या दिवसापासून मीच करते."

मड्डम माझ्याकडे बघत राहिली. मग मुसाभाईंकडे. ते खाली बघत होते.

"तू भांडीवाली," ती म्हणाली. "मायनीस तू करते? मग ह्याला मी कशाला ठेवला?"

तिने टेबलावरचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. "कर. आता. मी बघणार."

मी बलक घेतले. मोहरी, मीठ, या खेपेला ताजं लिंबू पिळलं. करवंटीत तेल भरलं, काडी दाबली, पहिला थेंब पडला आणि हात सुरू झाला. सकाळपासून भरलेला हात. घोटताना प्रत्येक फेऱ्याला कानामागे कळ यायची. मड्डम आधी वैतागून उभी होती. मग तिने करवंटीकडे बघितलं, मग भांड्याकडे, मग वाकून जवळून बघितलं. बलक फिका व्हायला लागला होता, दाट व्हायला लागला होता. मी हात बदलला, रवी टेकू दिली नाही. तिच्या तोंडून हळूच काहीतरी इंग्रजी निघालं. तिचा चेहरा बदलत होता. मला तो बघायचा होता, किती दिवसांपासून बघायचा होता, आणि मी बघितला. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग माझी नजर तिच्या मागे गेली. मुसाभाई दाराशी उभे होते. हात पाठीमागून सुटला होता. उजवा हात असा कापत होता की कोटाची बाही हलत होती, आणि डाव्याने ते तो धरायला बघत होते आणि धरला जात नव्हता. मड्डमचं लक्ष भांड्यात होतं. भांड्यातलं झालं की ती मान वळवणार. वळवली की तो हात बघणार. मग सगळं तिच्या ध्यानात येणार, अदब कसली ते. आणि संध्याकाळी हा माणूस राजिवड्याला जाऊन लेकीला काय सांगणार, की थंडीने जागा गेली?

आणखी शंभर फेरे घोटलं असतं तर टोक उभं राहिलं असतं. माझा हात कधीचा थांब म्हणत होता. मी डाव्या हाताने, करवंटी सारखी करते असं दाखवून, काडी ओढून काढली.

तेल भसकन खाली आलं. मी घोटत राहिले, उगीच, वरवर. क्षणात त्याची मळी झाली, कडेने तेल सुटलं, मधे पिवळं पाणी तरंगायला लागलं. फुटलं.

मड्डम सरळ उभी राहिली. तिने जिभेने चक् केलं. मुसाभाईंचे हात तोपर्यंत पाठीमागे गेले होते.

"मला कळला," ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. ज्या खांद्यात कळ होती त्याच. "तू मुसाला वाचवायला खोटा बोलली. चांगली बाई आहे तू. पण खोटा बोलायचा नाय." मग मुसाभाईंना म्हणाली, "रोजा आहे तर दुसरा माणूस चाखणार. मोठा साहेब आज राहणार. उद्या परत कर. चांगला कर." जाताना तिने नाताळच्या केकचा एक तुकडा कागदात घालून मला दिला. उपासाचा दिवस. तुकडा मी रावजीला द्यायला गेले, तर तो चार पावलं मागे सरला.

मग आम्ही दोघंच. मी भांडं पुढ्यात घेऊन खाली बसले. मुसाभाई पाटावर टेकले.

"काडी सैल झाली," मी म्हटलं.

"तू खोचलेली काडी सैल होत नाय गो," ते म्हणाले. "तीन वर्षांत नाय झाली."

एक मन म्हणत होतं, केलंस ते बरं केलंस, आणि दुसरं मन रडत होतं, की मेले, एकदाच संधी आली होती आणि तीही तू आपल्या हाताने मोडलीस.

फुटलेलं मायनीस टाकायचं नसतं. नवा एक बलक घ्यायचा, आणि फुटलेलं त्यात थेंब थेंब घालत पुन्हा घोटायचं. तेल वाया घालवायला माझा हात होत नाही, म्हणून तेच घेऊन बसले. कुणी बघायला नव्हतं. हात यंत्रासारखा चालू राहिला, दुखायचंसुद्धा थांबलं होतं. खालून भाट्याच्या खाडीवरचा वारा यायला लागला, ऊन कलत कलत भिंतीवर चढलं. भांड्यातलं हळूहळू एकजीव झालं. रवी उचलली, टोक उभं राहिलं.

राजिवड्याच्या मशिदीतून बांग ऐकू आली. मुसाभाईंनी खजूर तोंडात घातला, दोन घोट पाणी प्यायले. माझाही दिवस मावळला होता. मी महादेवाला हात जोडले आणि गुळाचा खडा खाल्ला. मग बोटाने मायनीस चाखलं. मीठ बरोबर, आंबट बरोबर.

मुसाभाई उठून माझ्यासमोर आले. त्यांनीही बोट लावून चाखलं. तोंडात घोळवत राहिले. मग पाठ ताठ करून उभे राहिले, साहेबासमोर राहायचे तसे, पण हात पाठीमागे नव्हते. उजवा हात उघडा, सगळ्यांना दिसेल असा कापत होता. सगळे म्हणजे मीच.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

म्हणजे कोटाच्या दिवशी मी बोललेलं त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. माझे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी असा राग आला की भांडं उचलून आपटावं. आता विचारता, मुसाभाई? मघाशी ती पुढ्यात उभी होती तेव्हा खाली बघत होता, आणि आता या चार भिंतींत विचारता? पण त्यांचं तोंड बघवेना. म्हातारा झाला होता माणूस, एका दुपारीत. आणि उद्या सकाळी मोठ्या साहेबासाठी पुन्हा घोटायचं होतं.

"तुम्हीच की," मी म्हटलं. "आणखी कोण करणार."

मग मी करवंटी शिंक्यातून काढली, हिराची काडी शोधून पदराने पुसली आणि उद्यासाठी फडताळात ठेवली. भांडी पडली होती, ती घासायला घेतली. डाव्या हाताने.